ताईच्या खिडक्यांचं वेळापत्रक

मुलुंडला ताईच्या सोसायटीत लोक मला अजून ओळखतात, ते एका सभेमुळे. ज्या गोष्टीसाठी त्यांनी मला खरं तर लक्षात ठेवायला हवं, ती तिथे कोणाच्याच लक्षात नाही. ती एकट्या ताईच्या लक्षात होती, आणि ताई आता नाही. म्हणून आधी सभेचंच सांगतो. त्यात निदान हसायला तरी येतं.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण, बारा वर्षांनी मोठी. आम्ही घाटकोपरच्या चाळीत वाढलो. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा ती कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती आणि मी दुसरीत. तिने कॉलेज सोडलं आणि अंधेरीला औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला लागली. निवृत्त झाली तीही तिथूनच. लग्न केलं नाही. माझं शिक्षण, माझे दर दोन वर्षांनी फुटणारे चष्मे, माझी लांबत गेलेली पीएच.डी., सगळं त्या पॅकिंगच्या टेबलावरून निघालं. दमाही तिथूनच आला की आधीपासून होता, हे कोणी नक्की सांगू शकलं नाही. निवृत्तीनंतर तिने मुलुंडला डोंगराच्या बाजूला पाचव्या मजल्यावर एक बेडरूमचं घर घेतलं. मी अंधेरीला बायकोमुलांबरोबर, ऑफिसच्या जवळ.

तर सभा. ताईच्या शेजारी एक गुजराती बेन राहायच्या, ताईच्याच वयाच्या, एकट्या. त्यांच्या स्वयंपाकघरात बुधवारी आणि रविवारी सुकटीचा वास यायचा आणि त्यांचा उपास असो नसो, जेवण जायचं नाही. त्यांनी सोसायटीकडे लेखी तक्रार केली. ताईचं म्हणणं, वास दुसऱ्या मजल्यावरून येतो, माझं नाव उगाच. आणि तिने मला फोन केला. तू हवेतला ना, ये आणि सांग यांना.

मी हवेतलाच. हवेच्या प्रदूषणाचं गणित मांडणाऱ्या एका संस्थेत नोकरी करतो. लॅपटॉप घेऊन गेलो. आदल्या दिवशी प्रत्येक मजल्यावर डक्टच्या खिडकीत उदबत्ती लावून धूर कुठे जातो ते पाहिलं, बिल्डिंगचा नकाशा मिळवला, बाण काढले. सभेत वीस मिनिटं बोललो. हवा तापली की डक्टमधून कशी वर चढते, दुपारी पश्चिमेचा वारा आला की कशी वळते, सगळं. शेवटी निःसंशय सिद्ध केलं की दुसरा मजला निर्दोष आहे आणि बेनच्या घरातला सगळाच्या सगळा वास माझ्या सख्ख्या बहिणीच्या एक्झॉस्ट फॅनमधून येतो. टाळ्या पडल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

जिन्यात ताईने मला गाठलं. ती चिडली की मालवणीत शिरायची.

"मेल्या, तुका मी कशाक बोलवलंय?"

मी म्हटलं, ताई, खरं ते खरं. ती म्हणाली, पुढच्या वेळी तू घरीच थांब. पण त्या सभेमुळे एक झालं. बेनना वाटलं की जिचा भाऊ इतका सरळ आहे ती बाई वाईट नसेल. मग दोघींनी आपापसात ठरवलं, बेन सकाळी देरासरला, त्यांच्या जैन मंदिरात, जातील तेव्हाच ताई सुकट भाजेल. वर्षभरात ताईच्या घराची दुसरी चावी बेनकडे होती.

माझी नोकरी या सभेपेक्षा फार वेगळी नाही. कोणाचा वास कोणाच्या घरात, एवढाच प्रश्न. फक्त घरांच्या जागी जिल्हे, राज्यं आणि देश. माझा विषय उन्हाळ्यातला ओझोन. वर आकाशात असतो तो चांगला, खाली नाकाशी असतो तो वाईट. हा खालचा ओझोन कोणी धुराड्यातून सोडत नाही. गाड्यांचा धूर, पेट्रोलची आणि रंगांची वाफ आणि वरून कडक ऊन, हे एकत्र आले की तो दुपारी हवेतच शिजतो. शिजायला लागतो एकीकडे आणि ताटात पडतो दुसरीकडे, कारण मधे वारा असतो. ताईला मी हे सांगितलं तेव्हा मोठी पंचाईत झाली. हमरस्त्यावर ओझोन कमीच असतो, ताजा धूर त्याला खाऊन टाकतो. वाऱ्याबरोबर लांब गेला, झाडाझुडपांकडे, डोंगराकडे, की वाढतो. म्हणजे अंधेरीपेक्षा तुझ्याकडे जास्त.

"म्हणजे मी धूर खात अंधेरीलाच राहायला हवं होतं?"

तसं नाही, म्हटलं. मग कसं, ते मला धड सांगता आलं नाही. सांगता येत नाही म्हणून तर आम्ही नकाशे रंगवतो.

त्या दिवसांत आमच्याकडे मोठं काम होतं. शहरातल्या उन्हाळी ओझोनपैकी आपला स्वतःचा किती आणि सीमा ओलांडून आलेला किती, शेजारच्या राज्यांतून, समुद्रावरून, परदेशातून. हे काढायची एक रीत आहे. कॉम्प्युटरमध्ये आख्खा उन्हाळा चालवायचा. मग एकच स्रोत शून्य करायचा, समजा एखाद्या राज्याच्या सगळ्या गाड्या, आणि तोच उन्हाळा पुन्हा चालवायचा. दोन उत्तरांत जो फरक पडेल तो त्या स्रोताचा वाटा. या कामात मी एक गोष्ट शिकलो. बाहेरून येतो म्हटलं की मीटिंगमध्ये सगळ्यांचे चेहरे सैल होतात आणि चहा लवकर येतो. आपलाच आहे म्हटलं की कोणीतरी विचारतं, आकडे नीट तपासलेत ना? मला चहा आवडतो.

ताईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, उन्हाळ्यात दुपारी बाहेर पडू नका, हवा खराब असेल तेव्हा खिडक्या बंद ठेवा. खराब केव्हा असते ते कसं कळायचं, असं तिने मला विचारलं. घरात एवढा मोठा हवेतला माणूस असताना तिने आकाशाकडे बघावं हे मला कमीपणाचं वाटलं. एका रविवारी बसून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. आमच्या संस्थेचा त्या दिवसाचा अंदाज उचलायचा, त्याच्या नकाशातला मुलुंडचा चौकोन काढायचा आणि रोज सकाळी सात वाजता ताईच्या फोनवर मेसेज टाकायचा. मजकूरही मीच घातलेला. "ताई, आज खिडक्या ११ ते ५ बंद. बाकी वेळ उघड्या चालतील."

ताईने त्याचं व्रत केलं. ती पॅकिंगमधली बाई. बॅच नंबर, वेळ, सही, याशिवाय तिला जगात काही पुरं झाल्यासारखं वाटायचं नाही. एक वही घातली. डाव्या बाजूला माझ्या मेसेजची वेळ, उजव्या बाजूला दिवसातून तीनदा डॉक्टरांनी दिलेल्या प्लॅस्टिकच्या नळीत फुंकून आलेला श्वासाचा आकडा, खाली सही. एकटीच्या घरात सही कोणासाठी, म्हणून मी हसलो होतो. ती म्हणाली, माझ्यासाठी. मग तिने तो मेसेज बिल्डिंगमधल्या बायकांच्या ग्रुपवर पुढे ढकलायला सुरुवात केली. वर स्वतःची ओळ टाकायची, "माझ्या भावाने पाठवलं आहे." रोज. पहिला उन्हाळा चांगला गेला. तिचे आकडे वर चढले. सुकट प्रकरणात गेलेली माझी अब्रू त्या घरात परत आली.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर ऑफिसात एक बदल झाला. जगभरची हवामानाची गणितं एकाच घड्याळावर चालतात, लंडनजवळच्या ग्रिनिचच्या. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणून आकडे आले की प्रत्येकाने आपापले साडेपाच तास मिळवायचे. दात घासण्याइतकी अंगवळणी पडलेली गोष्ट. चेंबूरहून येणारी माझी एक सहकारी आहे, कामात काटेकोर. तिने ठरवलं की हा उद्योग प्रत्येकाने वेगळा करण्यात अर्थ नाही. मुख्य प्रोग्राममध्येच बदल करून तिने फाइली भारतीय वेळेतच बाहेर काढायला सुरुवात केली आणि सगळ्यांना मेल टाकली. विषयातच लिहिलं होतं, वेळ बदलली आहे, आपापले प्रोग्राम दुरुस्त करा. मी त्याच मिनिटाला उत्तर पाठवलं. "नोंद घेतली, धन्यवाद." ऑफिसचे सगळे प्रोग्राम दुरुस्तही केले. ताईचा प्रोग्राम ऑफिसचा नव्हता. तो माझ्या घरच्या फोल्डरात, मुलांच्या फोटोंशेजारी, आधीच मिळवलेल्या साडेपाच तासांत आणखी साडेपाच तास मिळवत राहिला.

तीन-चार दिवसांनी ताईचा फोन आला. मी स्लाइड करत होतो. फोन खांद्याला लावून, हात की-बोर्डवर.

"अरे, तुझं परवापासून उलटंच येतंय. दुपारी उघड्या ठेव म्हणतं, आणि साडेचार ते साडेदहा बंद."

"वारा बदललाय, ताई."

"बदलला कुठे? संध्याकाळचाच तर बरा येतो."

इथे मी थांबायला हवं होतं. ओझोन शिजायला ऊन लागतं, हे मी शाळेतल्या पोरांनाही सांगतो. रात्री साडेदहाला कुठलं ऊन? पण माझ्या समोर स्क्रीनवर सीमेपलीकडून येणाऱ्या ओझोनचे लाल पट्टे होते, आणि मला चुकीच्या आकड्यालाही क्षणात कारण सुचतं. हा माझा खरा हुशारपणा. मी तिला सांगितलं, दुपारी शिजतो तो वेगळा; हा बाहेरून निघालेला आहे, लांबून येतो, मुलुंडला पोचेपर्यंत संध्याकाळ होते.

"पण दुपारी झळा येतात रे आत. छातीत चुरचुरतं."

"झळा म्हणजे ओझोन नाही. चार दिवस कर, सवय होईल."

"तू बघितलंयस ना नीट?"

"मशीन बघतं, ताई."

ती हसली. तुझ्या मशिनाक काय कळता, असं काहीतरी म्हणाली, आणि मग, बरं, तू म्हणतोस तर. फोन ठेवला. मी एवढा खूश झालो की ऑफिसच्या वहीत नोंद केली, "मुलुंड: संध्याकाळी आगमन, बाहेरचा?" चहाच्या वेळी साहेबांनाही बोललो. त्यांनाही आवडलं. म्हणाले, अहवालात यावर एक पान होईल.

पाच आठवडे ताईने दुपारी खिडक्या उघड्या ठेवल्या आणि संध्याकाळी, वारा सुटायच्या वेळेला, बंद केल्या. एसी तिला सोसायचा नाही, खोकला यायचा, पंख्याखाली बसायची. ग्रुपमधल्या दोन-तीन जणीही तेच करत होत्या, बेन तर नक्कीच. बेननी एकदा तिला विचारलं होतं म्हणे, आटली गर्मीमां संध्याकाळी बंद का? ताईने उत्तर दिलं, बाहेरच्या राज्यातून येतं ना, पोचायला वेळ लागतो. माझंच वाक्य, आणि माझ्यापेक्षा खात्रीने. त्या पाच आठवड्यांत मी मुलुंडला एकदाच गेलो, तेही सकाळी नाश्त्याला. ती जिना चढत नव्हती. उन्हाळा आहे, म्हणाली. मीही म्हणालो, उन्हाळा आहे.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी तीनला बेनचा फोन आला. ताईला श्वास घेता येत नव्हता. बेननी आणि वॉचमनने तिला खुर्चीत बसवून खाली आणलं होतं आणि रिक्षाने हॉस्पिटलात नेलं होतं. मी पोचलो तेव्हा ती मास्कच्या आत होती. डोळ्यांनी तिने मला विचारलं, जेवलास का? हे तिला डोळ्यांनी विचारता यायचं. डॉक्टर म्हणाले, असं होतं. उष्मा आहे, वय आहे, जुनी छाती आहे, कदाचित एखादा व्हायरल. मी मान डोलवत राहिलो. चार कारणं होती आणि सगळी बाहेरची होती.

तिचे कपडे आणि जुने रिपोर्ट घ्यायला मी मुलुंडच्या घरी गेलो आणि तिथेच झोपलो. सकाळी सात वाजता टेबलावर तिचा फोन वाजला. मी उचलून पाहिला. "ताई, आज खिडक्या ४.३० ते १०.३० बंद. बाकी वेळ उघड्या चालतील."

मी लिहिलेला तो मेसेज तिच्या फोनवर आलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो. शेजारी तिची वही होती. मार्चच्या पहिल्या पानांवर अकरा ते पाच, अकरा ते पाच, खाली सही. मग एका दिवसापासून साडेचार ते साडेदहा. अकराचे साडेचार. पाचाचे साडेदहा. साडेपाच हा आकडा माझ्या धंद्यातल्या माणसाला अंधारातही ओळखू येतो, बोटांना लागतो. मी तिथे उभा राहून सहकारी बाईंची मेल शोधून काढली, आणि तिच्याखाली माझं धन्यवाद. वहीत उजव्या बाजूला दुपारचा आकडा त्या दिवसापासून उतरत गेला होता. रोज थोडा. एकाही दिवसाची सही चुकलेली नव्हती.

हे वाचून कोणी म्हणेल, पाच आठवडे खिडकी उघडी राहिली म्हणून कोणी एवढं आजारी पडत नाही. मीही म्हणतो. व्हायरल असेल. उष्मा तर होताच, आणि संध्याकाळी बंद घरात तो दुप्पट झाला असेल, पण तोही माझ्याच खात्यात जातो. माझी रीत मला पाठ आहे. एक स्रोत शून्य करा, उन्हाळा पुन्हा चालवा, फरक बघा. मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून तेच करत होतो. माझा मेसेज शून्य. ताई अकराला खिडक्या बंद करते, पाचाला उघडते, वारा येतो, बेन चहाला येतात. मग पुढे? पुढे काही दिसत नाही. एप्रिल दुसऱ्यांदा चालत नाही. दुसऱ्यांच्या राज्यांचे वाटे मी आयुष्यभर काढून दिले, एका बाईच्या श्वासातला माझा वाटा मला काढता आला नाही.

मेसेज मी त्याच सकाळी बंद केला. ताईला सांगायला मात्र वेळ लावला. हॉस्पिटलात नको, डॉक्टर म्हणाले ताण नको. घरी आल्यावर पहिल्या दिवशी नको, नवीन ऑक्सिजनचं मशीन लावायचं आहे. दुसऱ्या दिवशी बेन बसल्या होत्या. बायको म्हणाली, तू सांगणार आहेस की मी सांगू? मग एका सकाळी मी रजा टाकून गेलो. ताई पलंगावर टेकून बसली होती, नाकाला नळी, मांडीवर वही. मी ग्रिनिचपासून सुरुवात केली. जगाची गणितं एका घड्याळावर चालतात, आपण साडेपाच तास पुढे, मग फाइली बदलल्या, मग मेल आली, मग...

"थोडक्यात सांग," ताई म्हणाली. तिला लांब ऐकायलाही दम लागत होता.

"माझी चूक झाली. पाच आठवडे मी तुला उलटं सांगत होतो. बंद ठेवायच्या तेव्हा उघड्या, उघड्या ठेवायच्या तेव्हा बंद."

मला वाटलं ती मेल्या म्हणेल. मी त्याची वाटच बघत होतो. सुकटीच्या वेळी म्हणाली होती, पीएच.डी. लांबली तेव्हा म्हणाली होती, माझ्या लग्नात मी मुहूर्ताला न्हाव्याकडे बसलो होतो तेव्हाही म्हणाली होती. तिने वही उघडली, ती पानं काढली, बोट ठेवून मागेपुढे पाहिलं. मग वही मिटून अगदी स्वच्छ, पुस्तकातल्यासारख्या मराठीत म्हणाली,

"मी तुला विचारलं होतं."

"हो."

"चुरचुरतं म्हणून सांगितलं होतं. नीट बघितलंस का, तेही विचारलं होतं."

"हो, ताई."

मी पेल्यात पाणी ओतून तिच्यापुढे धरलं. ती म्हणाली, ग्रुपवर तूच लिही. मी बेनलाही त्याच उलट्या वेळा पाळायला लावल्या. तिने स्वतःचा फोन माझ्या हातात दिला. मी चार ओळी लिहिल्या. माझ्या प्रोग्राममध्ये वेळेची चूक होती, मार्चपासूनचे सगळे मेसेज चुकीचे समजावेत, दुपारी अकरा ते पाच खिडक्या बंद ठेवाव्यात, क्षमस्व. वर "माझ्या भावाने पाठवलं आहे" हे मी घातलं नाही. पाच मिनिटांत सात जणींचे जोडलेले हात आले, एक अंगठा, आणि एकीने गुलाबाच्या फुलावर सुप्रभात पाठवलं. कोणी वाचलंच नव्हतं. ताईने ते सगळं पाहिलं आणि फोन उपडा ठेवला.

ऑफिसात मी साहेबांना सांगितलं की ते संध्याकाळचं आगमन वगैरे काही नव्हतं. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, मग ते पान काढून टाका. घरच्या गोष्टीचा अहवालाशी संबंध नाही. सहकारी बाई मात्र तिच्या जागेवरून उठून आली आणि माझ्या टेबलापाशी उभी राहिली. तिला काय म्हणायचं होतं ते मला ठाऊक आहे. मेल तिची होती, वेळेवर होती, आणि त्यात सगळं होतं.

त्यानंतर ताई एक पावसाळा आणि एक हिवाळा काढू शकली, बहुतेक घरातच, नळीच्या लांबीएवढ्या टापूत. मी दर रविवारी जायचो. ती माझ्याशी बोलायची, चिडायची नाही, माझ्यासाठी बेनकडून ढोकळा मागवून ठेवायची. फक्त मला काही विचारायची नाही. आधी ती मला सगळं विचारायची. गोळी दुधाबरोबर चालते का, बँकेचा हा मेसेज खरा आहे का, पाऊस अमुक दिवशी आहे का. आता फोन चालत नसेल तर बेनच्या भाच्याला विचारायची. पुढच्या एप्रिलात, उन्हाळा नीट तापायच्या आधीच, ती गेली. कागदावर मृत्यूची कारणं लिहायला तीन ओळी असतात. तिन्ही भरलेल्या होत्या. मी पुन्हा पुन्हा वाचल्या, त्यांत दमा होता, हृदय होतं, वय होतं.

एका रविवारचं सांगायचं राहिलं. मार्च असेल, ती जायच्या महिनाभर आधी. दुपारचा पाऊण वाजला होता. मी खुर्चीत पेपर धरून बसलो होतो. घर तापलं होतं आणि ताईला गुदमरल्यासारखं होत होतं. ती उठली, नळी सावरत भिंतीपर्यंत गेली, इंटरकॉम उचलला आणि खाली वॉचमनला विचारलं, आज बाहेर हवा कशी आहे रे? मी तिच्यापासून चार हातांवर होतो. तीस वर्षं मी याच प्रश्नाचा पगार घेतो. वॉचमनचं उत्तर मला खुर्चीतूनही ऐकू आलं.

"एकदम झकास, ताई. वारा आहे."

तिने इंटरकॉम ठेवला आणि खिडकीकडे निघाली. पाऊण म्हणजे ओझोन चढायची वेळ. मी दहा महिने त्या घरात हवेबद्दल एक शब्द काढला नव्हता. काढायचा अधिकार गेला होता असं मला वाटायचं, आणि तिनेही तो परत दिला नव्हता. तिने सरकत्या काचेवर हात ठेवला.

"ताई, आता नको," मी म्हटलं.

ती वळली. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मी लहानपणी शाळेतून उशिरा आलो की पाहायची तसं.

"बघून सांगतोयस, की असंच?"

मला उत्तर येत होतं. मार्चची दुपार, पश्चिमेचा वारा, पलीकडे आख्खी अंधेरी, याला बघायचं काय? झोपेतही सांगितलं असतं. पण मी पेपर खाली ठेवला, चष्मा शोधला, फोन काढला.

"थांब," म्हटलं, "बघतो."

"बघ. मी थांबते," ती म्हणाली, आणि काचेवरचा हात न काढता, श्वास मोजत, तशीच उभी राहिली.